गुलाबचा डावा खूर

घोडा बघायला ठाण्या-कल्याणला चालले आहे असं मी शाळेच्या स्टाफरूममध्ये सांगितलं, तेव्हा सगळ्यांना ती थट्टाच वाटली. आमच्या जुन्नरच्या बाजूला घोडा घ्यायचा म्हणजे जत्रा गाठायची, दोन दिवस धुळीत बसायचं आणि तिसऱ्या दिवशी जनावर घेऊन गावात शिरायचं. ठाण्याला माणसं नोकरीला जातात आणि येताना फार तर सोफासेट आणतात. तिथून घोडा आणल्याचं कुणाच्याच ऐकिवात नव्हतं.

पण अण्णांनी हट्ट धरला होता. अण्णा म्हणजे माझे वडील. वय बहात्तर. आमच्याकडे बैलगाड्यांच्या शर्यतीत बैलांच्या पुढे एक घोडी पळवतात. तरुणपणी त्या घोडीवर अण्णा असायचे. पुढे घोड्याची पारख असलेला माणूस म्हणून त्यांचं नाव झालं. कुणाला जनावर घ्यायचं असलं की अण्णांना बरोबर नेल्याशिवाय सौदा होत नसे. मधली काही वर्षं ते स्वतःही घोडे घेऊन जत्रेत विकत, पण तेव्हा मी नोकरीसाठी नगरला होते, त्यामुळे त्यातलं मला फारसं ठाऊक नव्हतं. आता मी गावातल्याच शाळेत भूगोल शिकवते. लग्न केलं नाही, अण्णांजवळ राहते. दोन वर्षांपूर्वी आमची शेवटची घोडी गेली, तेव्हापासून रिकाम्या पागेत मी माझी स्कूटर लावते आणि त्या व्यवस्थेवर खूश होते.

एका सकाळी अण्णा मोबाइल घेऊन माझ्यासमोर आले. कुठल्याशा ग्रुपवर लालसर घोड्याचा फोटो होता आणि खाली लिहिलं होतं की डाव्या पुढच्या खुराला पूर्वी मोठा त्रास झाला होता, आता बरा आहे, फक्त चांगल्या घरी द्यायचा आहे. मी उडालेच. विकणाराच आपल्या जनावराचा दोष लिहून मोकळा! आमच्या बाजाराचा रिवाज असा की गिऱ्हाइकानं नेमकं विचारलं तर खोटं बोलायचं नाही, आणि विचारलं नाही तर तोंड उघडायचं नाही. दोष शोधणं हे घेणाऱ्याचं काम. त्यासाठीच तर तो अण्णांसारखा माणूस भाड्यानं आणतो.

खुराची खोट असलेला घोडा अण्णांनी जन्मात कुणाला घेऊ दिला नव्हता. "पाय नाही तर घोडा नाही" हे मी त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलंय की मला त्याचा कंटाळा येतो. आणि आता हाच घोडा हवा म्हणत होते. कशाला, तर दारात एक जनावर असावं म्हणून. वय झालं, दुसरं काय, असं मी मनात म्हटलं. शेवटी आमच्यात ठरलं की जाऊन बघायचं, पण मी नाही म्हटलं तर नाही. मी नाही म्हणायलाच निघाले होते, हे इथंच कबूल करते.

शनिवार : घोडबंदर रोड

माळशेजच्या वळणांनी पोटाचं जे काय केलं त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. विठ्ठलवाडीला एसटीतून उतरलो तर निलेश गाडी घेऊन हजर. घोडा याच्या आई-वडिलांचा. ते राहतात कल्याणपलीकडच्या आपल्या मूळ गावी, आणि हा घोडबंदर रोडला एका टॉवरमध्ये. आधी कागद बघा, मग उद्या घोडा, असं त्याचं म्हणणं होतं. घोड्याला कागद असतात हे मला नवीन होतं.

घोडबंदर रोडवर आमची गाडी एका जागी इतका वेळ उभी राहिली की शेजारच्या गाडीतल्या बाईंनी तेवढ्यात अख्खी पालेभाजी निवडली. मला वाटलं पुढे अपघात झालाय. निलेश म्हणाला, नाही, शनिवार आहे ना, म्हणून आज जरा कमी आहे. अण्णा काचेतून दोन्हीकडचे टॉवर बघत होते. एवढ्या माणसांची जनावरं कुठं बांधतात, असं त्यांनी विचारलं आणि निलेशनं ते हसण्यावारी नेलं.

लिफ्टनं एकोणिसाव्या मजल्यावर जाताना अण्णांनी डोळे मिटून माझं मनगट धरलं. निलेशच्या बायकोनं पास्ता केला होता. अण्णांनी तो पिशवीतली लसणीची चटणी काढून तिच्याबरोबर संपवला आणि शेवया जरा जाड झाल्यात असं मला कानात सांगितलं.

मग निलेशनं टीव्ही लावला. आमच्या वर्गातल्या फळ्यापेक्षा थोडासाच लहान असेल. त्यावर एकदम एक करडं हाड उमटलं आणि मी सोफ्यावरून उठलेच. घोड्याच्या पायाचा एक्स-रे होता तो. डॉक्टर मशीन घेऊन गोठ्यात आले होते म्हणे. आमच्या गावात माणसाच्या एक्स-रेसाठी नारायणगाव गाठावं लागतं. टेबलावर तेव्हाची जुनी फाइल होती, रुग्णाचं नाव गुलाब, वय तेव्हा पाच, आणि पालक म्हणून निलेशच्या आईचं नाव, हिराबाई.

"काका, टेन्शन नका घेऊ, सगळं ओपन आहे," निलेश म्हणाला. "ही चीर बघा. घेतला तेव्हाच होती, आम्हाला कळलीच नाही. आत पू झालेला. डॉक्टर बोलले, सोडून द्या याला. पण आई ऐकेना. मी स्वतः तिच्याशी भांडलेलो."

दुसऱ्या चित्रात चीर नव्हती. खूर वरून खाली हळूहळू वाढतो, तसा वर्षभरात सगळा नवा आला होता. तरी डॉक्टरांनी स्वच्छ लिहून ठेवलं होतं की पुन्हा होणारच नाही अशी हमी नाही. कोरडी जागा हवी, महिन्या-दीड महिन्यानं चांगला नालबंद हवा, रोज खूर उचलून साफ करायला हवा, आणि शर्यतीचं नाव काढायचं नाही. एवढ्या दोषांची यादी विकणाराच वाचून दाखवत होता. अण्णा उठून टीव्हीपाशी गेले आणि पहिल्या चित्रातल्या चिरेवरून बोट फिरवत बराच वेळ उभे राहिले. यंत्राचं कौतुक वाटलं असेल असं मी समजले.

विकताय कशाला, असं मी विचारलं. निलेशनं खिडकीतून दिसणारे टॉवर दाखवले. गावचं घर, अंगण, सगळं बिल्डरला दिलं होतं. पावसाळ्याआधी आई-वडील इथं एकोणिसाव्या मजल्यावर येणार होते, आणि सोसायटीत कुत्र्याचाच ठराव पास व्हायला वर्ष गेलं होतं.

रविवार : कल्याणच्या पलीकडे

गाव म्हणावं तर चारी बाजूंनी टॉवर, शहर म्हणावं तर रस्त्यात कोंबड्या. निलेशचं घर म्हणजे गुलाबी रंगाचा दुमजली बंगला. दारात मोठी गाडी उन्हात तापत उभी, आणि गाडीसाठी बांधलेल्या शेडमध्ये सावलीला घोडा. त्याच्या डोक्यावर पंखा फिरत होता, पायाखाली रबरी चटई होती आणि भोवती मच्छरदाणी. माझा जन्म घोड्यांच्या घरातला, पण मच्छरदाणीतला घोडा बघितला नव्हता. आमच्या घोड्या माश्यांना शेपटीनं हाकलत जगल्या आणि मेल्या.

निलेशचे वडील, त्यांना सगळे आप्पा म्हणतात, हातात सोन्याचं कडं आणि खांद्यावर पंचा अशा थाटात पुढे आले. हिराकाकी मागून आल्या, ठेंगण्या, हात कोपरापर्यंत मजबूत. पूर्वी यांची मिठागरं होती. लहानपणी मीठ ओढून ओढून झालेले ते हात, असं त्यांनीच नंतर सांगितलं.

अण्णांनी घोडा बघायला सुरुवात केली. दात बघितले, डोळ्यांपुढून हात नेला, मानेवरून, पाठीवरून तळवा फिरवला. घोडा देखणा होता. अकरा वर्षांचा, पण चालताना कुठं अडखळ नव्हती. अण्णांनी मागचे दोन्ही खूर उचलले, मग उजवा पुढचा. डावा राहिला. मी तसं म्हटलं, तर बघू म्हणाले आणि हात पुसू लागले. मला धक्का बसला. ज्यासाठी माळशेज उतरून आलो तो एक खूर यांनी बघितलाच नाही. आमचे अण्णा असे की नवीन घोडा दिसला की त्याचं नाव विचारायच्या आधी त्याचा पाय हातात. ते आता संपले, असं मला त्या क्षणी वाटलं आणि वाईट वाटलं.

त्यात काकींनी जेवायला बसवलं. तांदळाच्या पांढऱ्याशुभ्र भाकऱ्या, जिताड्याचं लालभडक कालवण आणि तळलेले बोंबील. आम्ही मटणाच्या रश्श्याची माणसं. मासा कसा खायचा हे आम्हाला कुणी शिकवलेलं नाही. मी काटे वेचता वेचता घामाघूम झाले. अण्णा मात्र खाली मान घालून निमूट जेवत होते.

जेवताना मी काकींना विचारलं की चीर असलेला घोडा तुम्ही घेतलातच कसा. त्या मोकळेपणानं बोलू लागल्या. सहा वर्षांपूर्वी आप्पा मित्रांबरोबर जत्रेला गेले होते. जाताना गावातला एक, घोड्याच्या अंगावरचे केसांचे भोवरे बघणारा बरोबर नेला होता. कुठल्या जागचा भोवरा घरात लक्ष्मी आणतो आणि कुठला धन्याच्या जिवावर येतो, हे सांगणारा माणूस. आमच्याकडेही लोक भोवरे बघतात, पण पाय बघून झाल्यावर.

"आमचे याची नजर निसती भोवऱ्यावर," काकी म्हणाल्या. "कपालावर दोन हाईत का, ते सुबेचे हाईत का. घोरा चिखलात उबा केलेला, पायाकरं कोन बगतो?"

आणला आणि दुसऱ्या महिन्यात त्यानं पाय टेकायचा सोडला. नालबंदानं खूर खरवडला तेव्हा चिरेतून मेण निघालं. काळं मेण, काजळी कालवलेलं. कुणीतरी चीर बुजवून, रंग लावून, वर चिखलात उभा करून जनावर विकलं होतं. मग काकींनी त्याचा पाय रोज सकाळ-संध्याकाळ खडेमिठाच्या गरम पाण्यात धरला. पाण्याची बादली लाथेनं उडाली की पुन्हा पाणी तापवायचं. ओलाव्यापासून जपायला खुराला नातवाचे डायपर बांधायचे आणि वरून चिकटपट्टी गुंडाळायची. नातवाला कमी आणि घोड्याला जास्त डायपर लागले, असं निलेश हसत म्हणाला. आठ महिने हे चाललं. पहिले कित्येक दिवस घोडा झोपूही शकत नव्हता, तेव्हा त्या शेजारी खाट टाकून बसत.

मी तोंडात घास तसाच ठेवून ऐकत होते. अण्णांचं जेवण थांबलेलं आप्पांच्या लक्षात आलं. त्यांना वाटलं काटा अडकला. काकींनी लगेच कोरड्या भाताची मूद केली, न चावता गिळा म्हणाल्या. अण्णांनी ती गिळली. दुसरी दिली, तीही गिळली. डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा निलेश केळं आणायला उठला.

"काटा नाही," अण्णा म्हणाले. "हा घोडा तुम्हाला मी विकलाय."

मला आधी वाटलं मी चुकीचं ऐकतेय.

"चीर मला माहीत होती. मेण मीच भरलं, चिखलात मीच उभा केला. दलालाला पुढे केलं आणि मी मागं थांबलो. तुम्ही विचारलं असतं तर सांगितलं असतं."

आप्पांनी त्यांच्या तोंडाकडे नीट निरखून बघितलं. "तवा तुमाला मिशी होती," एवढंच ते बोलले आणि भाकरीकडे वळले.

काकींचा हात कालवणाच्या पळीवर होता. "आमी इचारलं नाय," त्या सावकाश म्हणाल्या, "म्हनून तो आट मयने तीन पायावर उबा रायला?"

मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. हे मी शोभेसाठी लिहीत नाही. अण्णा खोटं बोलत नाहीत, ही माझ्या घराची मोठी मिरवण्याची गोष्ट होती. वर्गात मुलांना मी त्यांचे दाखले दिलेत. आणि खरं म्हणजे ते खोटं बोललेही नव्हते. गप्प राहिले होते. फोटोतले कपाळावरचे दोन भोवरे आणि डाव्या खुराचा उल्लेख बघून त्यांनी घोडा ओळखला होता, त्यालाही तीन आठवडे झाले होते, आणि तेवढे दिवस माझ्याशीही गप्प राहिले होते. डावा खूर का उचलला नाही हे मला आता कळलं. मी उठायला लागले. काय म्हणून त्यांच्या घरचं अन्न खायचं?

"बस," काकींनी मला दटावलं. मग अण्णांच्या ताटात जिताड्याचा मोठा तुकडा वाढला, त्यातले काटे स्वतःच्या बोटांनी काढले आणि म्हणाल्या, "जेव आदी. ताटावरशी उठाचा नाय."

अण्णांनी तो तुकडा खाल्ला. बहात्तर वर्षांच्या माणसाला इतकं अवघड जेवताना मी कधी पाहिलं नाही.

रविवार दुपार : शेडमध्ये

हात धुऊन आम्ही पुन्हा घोड्यापाशी आलो. अण्णांनी खांद्यावरचा टॉवेल काढून हातावर टाकला. आमच्याकडे भाव टॉवेलाखाली बोटं धरून ठरवतात, तोंडानं बोलत नाहीत. त्यांना काय सुचत होतं कोण जाणे. आप्पांनी हात पुढे केला नाही. घोडा घेतल्यापासून त्याचं सगळं काकींनी केलं होतं, त्यामुळे बोलायचं ते काकींनी, असं त्यांनी नजरेनंच सांगितलं.

"घोरा मी या बाबाला नाय देनार," काकी म्हणाल्या. "तुला देतंय. ज्या भावान घेतला त्या भावान. पन आदी पाय उचल."

मला? मी तर नाही म्हणायला आले होते. घोड्यांच्या घरात वाढले खरी, पण घरातला पुरुष असताना खूर हातात धरायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. मागे अण्णा होते. त्यांनी काही सुचवायला तोंड उघडलं तशी काकींनी हातानंच त्यांना गप्प केलं.

मी खांदा घोड्याच्या खांद्याला लावला, जसं आयुष्यभर बघत आले होते तसं, आणि हात पायावरून खाली नेला. घोड्यानं पाय दिला. इतका सहज दिला की मी गडबडले आणि तो माझ्या गुडघ्यावर आदळला. जड होता. उबदार होता. काकी शेजारी उकिडव्या बसल्या आणि त्यांनी माझं बोट धरून खुराच्या कडेवरून फिरवलं. आजार जिथून निघून गेला तिथं एक बारीक उंचवटा होता, नजरेला दिसत नव्हता, बोटाला लागत होता. पाऊस लागला की इथंच बघायचं, त्या म्हणाल्या. वास आला तर त्याच दिवशी मिठाचं पाणी. आज कंटाळा आला, उद्या बघू, असं करायचं नाही. हे ऐकताना मला कळलं की हा घोडा त्या विकत नव्हत्या, कुणाच्या तरी हाती सोपवायला बघत होत्या आणि तो हात सापडत नव्हता.

आता मला ठरवायचं होतं. शहाणपणानं बघितलं तर उत्तर नाही हेच होतं. डॉक्टरांची हमी नाही. आमच्या भागात पावसाळ्यात चार महिने चिखल. शाळा सांभाळून रोज दोन वेळा हे करायचं, तेही अशा घोड्यासाठी जो ना शर्यतीला चालेल ना ओझ्याला. आणि खूर पुन्हा फुटला तर त्याला तीन पायांवर उभा राहिलेला मला बघावं लागणार. निलेश म्हणाला, मॅडम, घरी जाऊन विचार करा, घाई नाही.

मी अण्णांकडे बघितलं. ते शेडच्या खांबाला टेकून उभे होते आणि माझ्याकडे न बघता त्या खुराकडे बघत होते. ते याच्यासाठी आले होते. मला पुढे घालून, माझ्या नाही म्हणण्याच्या आड उभं राहून. मी नाही म्हटलं असतं तर घरी जाऊन मुलगीच नको म्हणाली असं सांगायला ते मोकळे होते. माझ्या अंगाचा भडका उडाला. मी हो म्हणाले. दयेनं म्हणाले असं कुणी समजू नये. रागानं म्हणाले. हा खूर रोज यांच्या डोळ्यांसमोर असला पाहिजे, एवढंच त्या वेळी माझ्या मनात होतं.

काकींनी घोड्याच्या तोंडाला बांधायची दोरी, मोहरकी, माझ्या हातात दिली. खरं तर विकणारा आपली मोहरकी देत नाही, आमच्याकडेही नाही आणि त्यांच्याकडेही नाही. त्यांनी दिली, वर मच्छरदाणी घडी करून दिली, आणि वळून घरात गेल्या. घोडा चढवून भाड्याचा टेम्पो निघाला तेव्हा त्या बाहेर आल्या नाहीत.

घरी

स्कूटर आता अंगणात असते. मच्छरदाणी लावली तेव्हा अर्धं गाव बघायला आलं होतं. पहिल्या पावसाळ्यात पागेत फरशीवर लाकडी फळ्या टाकल्या, वर रबरी चटई. काकींचा दर रविवारी व्हिडिओ कॉल येतो. मी मोबाइल खुरापाशी धरते आणि त्या एकोणिसाव्या मजल्यावरून जरा डावीकडं, जरा वर, असं सांगत राहतात. अजून तरी वास आलेला नाही.

रोज सकाळी मी खूर उचलते आणि अण्णा मोहरकी धरून उभे राहतात. त्यांचा हात या वयातही माझ्यापेक्षा कितीतरी चांगला आहे हे आम्हा दोघांनाही माहीत आहे, घोड्यालाही असेल. मागच्या आठवड्यात त्यांनी पहिल्यांदाच विचारलं, "आज मी बघू का?"

मी नाही म्हणाले. अण्णा बरं म्हणाले आणि मोहरकी धरून तसेच उभे राहिले.